सरळ रेघ की मोकळा हात?

आमच्या आईच्या मागे पाच लुगडी राहिली. दागिने फारसे नव्हतेच. जे होते ते तिने हयातीतच लेकीसुनांना वाटून टाकले होते. लुगडी मात्र पत्र्याच्या ट्रंकेत, कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यात तशीच पडून होती. चार साधी सुती आणि एक इरकली, लाल टोपपदराचे. गेल्या दिवाळीत आमची ताई वाईहून आली, तिने ट्रंक उघडली, लुगड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "यांची गोधडी कर. तुला आता काय काम असतं?"

ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते. आम्ही चौतीस वर्षे एका छापखान्यात मुद्रिते तपासली आणि निवृत्त झालो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढण्यापलीकडे आमच्या हाताला कसलीही कला नाही. "कर" म्हणजे "करवून घे" असा सोयीस्कर अर्थ लावून आम्ही कुटुंबाकडे पाहिले. तिने निकाल दिला, "मशीन माझं आहे, लुगडी तुमच्या आईची. शिवायचं तुम्ही. दोरा ओवायला हाक मारा."

अशा रीतीने वयाच्या पासष्टीनंतर आम्ही शिलाई मशीनपुढे बसलो, आणि बसताक्षणी एका वादात सापडलो. तो वाद आमच्या आधी दूरदेशी पुष्कळ रंगलेला आहे हे आम्हांस ठाऊकच नव्हते. गोधडीचे थर मशीनवर शिवायचे तर सरळ रेघांत शिवावेत, की कापड मोकळ्या हाताने हवे तसे फिरवत वेलीसारखे, नागमोडी शिवावेत? ताईची मुलगी अमेरिकेत असते. तिने मशीनला लावायची दोन निराळी फुटे पाठवली आणि सोबत फोनवर सल्लाही दिला, "मामा, फ्री मोशनच शिका. सरळ रेघा काय, कोणीही मारेल."

हे दोन प्रकार म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. मशीनच्या सुईखाली जी लोखंडी पट्टी असते तिच्या चिरांतून करवतीसारखे बारीक दाते डोकावतात. सुई कापडातून वर निघाली की हे दाते वर येतात, कापडाला खालून पकडतात, एक टाका मागे सरकवतात, खाली बुडी मारतात आणि पट्टीखालून पुन्हा पुढे येतात. वर, मागे, खाली, पुढे. अॅलन विल्सन नावाच्या अमेरिकन कारागिराने १८५४ साली ह्या चौघडी हालचालीचे पेटंट घेतले. वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवणाऱ्या टाक्याचे पेटंट इलायस हाउने १८४६ सालीच घेतले होते. पण कापड आपोआप आणि सारख्या अंतराने पुढे नेण्याची ही युक्ती विल्सनची. आपण मशीन चालवतो असे म्हणतो खरे, पण कापड ओढतात ते दाते. आपण नुसती दिशा दाखवतो. सरळ रेघांची शिलाई ह्या दात्यांच्या भरवशावर चालते.

मोकळ्या शिलाईत हे दातेच निकामी करतात. काही मशीनींना ते खाली उतरवण्याची कळ असते; आमच्या काळ्या मशीनला ती नाही, म्हणून दात्यांवर झाकणपट्टी बसवावी लागली. कापड दाबून धरणारे नेहमीचे फूट काढून तिथे एक उड्या मारणारे छोटे फूट लावायचे. मग कापडाला ओढणारे कोणी उरत नाही. सुई जागच्या जागी वरखाली होत राहते आणि दोन्ही हातांनी कापड फिरवून तिच्याखाली चित्र काढायचे. कागद हलवून लिहावे आणि लेखणी स्थिर असावी, तसा हा प्रकार आहे.

यात परदेशी काही नाही, हे आमच्या कुटुंबाने पाच मिनिटांत सिद्ध केले. लग्नापूर्वी ती शिवणकामाच्या क्लासात मशीनवरचे भरतकाम शिकली होती. तिथे तर फूटच काढून टाकत आणि कापड रिंगेत ताणून उशांच्या अभ्र्यांवर गुलाब उठवत. तिने आमच्या हातातला चिंधीचा तुकडा घेतला, चाकाला एक झटका दिला, आणि पाय व हात यांच्यात काही जुना करार असावा तशी एक वेल कापडावर उमटवून, "भाजी करपेल," म्हणत उठून गेली. आम्ही त्या वेलीकडे बराच वेळ पाहत राहिलो. ज्या माणसाशी संसार केला त्याला हे येते, हे चाळीस वर्षांनी कळावे, ही आमच्या मुद्रितशोधनातली सर्वांत मोठी चूक असावी.

वाङ्मयाच्या नादी लागलेल्या माणसाला 'मुक्त' ह्या शब्दाची भुरळ लवकर पडते. आम्हीही मनाशी ठरवून टाकले की, सरळ रेघ म्हणजे गणवृत्त आणि फ्री मोशन म्हणजे मुक्तछंद. आईच्या लुगड्यांवर आखीव रेघा मारणे म्हणजे तिला दुरेघी वहीत बसवणे. अकरा दिवस आम्ही जुन्या चादरींवर सराव केला. आमच्या मुक्तपणाचे फळ असे: जिथे हात घुटमळला तिथे टाके मुंगीच्या पावलांचे, जिथे घाबरून ओढला तिथे बोटभर लांबीचे. वळणांवर हात वेगाने फिरला की खालचा दोरा ताणला जाई आणि कापडाच्या पाठीवर पापण्यांच्या केसांसारखी रेषांची झालर उभी राही. टाक्याची लांबी ठरवणारे कोणी उरले नसल्यामुळे ती प्रत्येक क्षणी आपणच ठरवायची असते, पायाचा वेग आणि हाताचा वेग यांचे गुणोत्तर मनात धरून. बाहेरचा नियम गेला की आतला नियम दुप्पट कडक होतो, हे आम्ही कवितेच्या संदर्भात अनेकदा वाचले होते. मुक्तछंदाचा पुरस्कार करणाऱ्या कवी अनिलांनीच पुढे 'दशपदी' हा दहा चरणांचा बांध स्वतःभोवती घालून घेतला; त्या संग्रहाला १९७७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ह्या गोष्टीवर आम्ही तरुणपणी एका चर्चेत तावातावाने बोललोही होतो. पण बोलणे वेगळे आणि चादरीवर अकरा दिवस मुंग्या काढणे वेगळे.

मग सरळ रेघांकडे वळलो. तिथे निराळी फजिती. दाते खालून ओढतात ते फक्त सर्वांत खालच्या थराला. वरचा थर फुटाखाली अडतो आणि मागे राहतो. चार थरांच्या शेवटी वरचे कापड लाटेसारखे गोळा होते आणि चुणी पडते. यावर उपाय म्हणून भाचीने पाठवलेले दुसरे फूट होते. त्याला 'वॉकिंग फूट' म्हणतात. त्याच्या पोटाशी स्वतःचे दाते असतात आणि सुईच्या दांडीला अडकवलेला एक हात त्यांना खालच्या दात्यांच्या तालावर चालवतो. वरचे आणि खालचे दोघे एकाच वेळी पाऊल उचलतात, म्हणून थर बरोबर जातात. शिवाय एक रेघ वरून खाली आणि शेजारची खालून वर शिवली तर दोन्हींमधले कापड तिरपे पिळवटते, म्हणून सगळ्या रेघा एकाच दिशेने शिवाव्यात, हेही चादरी वाया घालवून कळले.

"सरळ रेघा कोणीही मारेल" हे भाचीचे वाक्य मात्र आम्हांस अमान्य आहे. नागमोडी वेल चुकली तर ती वेलीचीच एक लहर ठरते. सरळ रेघ दोन दोरे डावीकडे सरकली तर ती आयुष्यभर सरकलेली दिसते. आमच्यासारख्या मुद्रितशोधकाला तर ती रेघ नव्हे, उपटलेला अनुस्वार दिसतो. पट्टी आणि खडू घेऊन आखायचे, शिवायचे, वाकडे गेले की उसवायचे, हा उद्योग आम्ही चादरींवर मनसोक्त केला आणि त्याच सवयीने एके दिवशी खऱ्या लुगड्याला हात घातला.

गव्हाळ रंगाचे लुगडे होते. आई ते रोज नेसायची. पहिलीच रेघ जराशी वाकली, आम्ही ती उसवली, पुन्हा शिवली, पुन्हा उसवली. तिसऱ्या वेळी दोरा ओढताना टाक्यांच्या छिद्रांवरून कापड वीतभर फाटले. आवाजही झाला नाही. तिकिटांच्या कागदावर भोकांची ओळ असते आणि तिच्यावरून कागद सुटतो, तसे ते सुटले. आम्ही मशीनवर झाकण घातले आणि चार दिवस त्या खोलीत गेलो नाही. कुटुंबाने विचारले नाही, हे तिचे मोठेपण.

पाचव्या दिवशी कागद घेऊन हिशेब मांडला. गोधडी साठ इंच रुंद आणि चौऱ्याऐंशी इंच लांब धरली. सरळ रेघा दीड इंचाच्या अंतराने घेतल्या तर चाळीस रेघा होतात, म्हणजे ३,३६० इंच शिलाई; इंचाला आठ टाके धरले तर सुमारे २७,००० छिद्रे. मोकळ्या हाताची नागमोड पाव इंचाच्या अंतराने दाट भरली तर शिलाई २०,००० इंचांच्या पुढे जाते, टाकेही इंचाला दहा तरी लागतात, म्हणजे २ लाख छिद्रे. चाळीस-पन्नास वर्षे नेसलेल्या, खळ आणि काठ सोडून सगळे झिजलेल्या कापडाला २ लाख भोके पाडायची की २७,००० पाडायची, असा प्रश्न आता उरला. छंद की मुक्तछंद हा प्रश्न कधीचा विरून गेला होता.

ह्या हिशेबाला एक प्रामाणिक आक्षेप आहे. हाताने शिवलेली गोधडी आणि बंगालमधली कांथा यांतही टाके दाटच असतात, आणि ते दाट असतात म्हणूनच विरलेले कापड टिकते. धावदोरा हा तिथे नक्षीइतकाच आधार असतो. हे खरे आहे. पण हातातली सुई वाट काढत जाते, दोरा सैल राहतो, कापडाला श्वास घ्यायला जागा असते. मशीनची सुई ठोकत जाते आणि दोन दोऱ्यांची गाठ प्रत्येक टाक्याला कापड आवळते. त्यात दोरा पॉलिएस्टरचा असेल तर तो सुतापेक्षा चिवट. ताण आला की कापड तुटेल, दोरा तुटणार नाही. म्हणून आम्ही सुती दोरा आणला, चौदा नंबरची सुई काढून अकरा नंबरची लावली आणि टाका लांब केला. अमेरिकेतल्या क्विल्टमध्ये दोन कापडांच्या मध्ये कापसाचा थर असतो आणि तो गोळा होऊ नये म्हणून शिलाई ठरावीक अंतरात घ्यावी लागते. आपल्या गोधडीत सगळे विणलेलेच थर. त्यांना नुसते एकत्र धरून ठेवले तरी पुरते.

अमेरिकेचा विषय निघाला आहे तर थोडे विषयांतर. तिथल्या केंटकी राज्यात पड्यूका म्हणून गाव आहे. तिथे दरवर्षी क्विल्टांची मोठी स्पर्धा भरते. १९८९ साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट या बाईंच्या, खग्रास सूर्यग्रहणावरच्या क्विल्टला तिथले सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मशीनवर शिवलेल्या क्विल्टला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. हातानेच शिवावे, मशीन म्हणजे भ्रष्टाचार, असे मानणाऱ्यांना तो धक्का होता. दोनच वर्षांपूर्वी हॅरिएट हारग्रेव्ह यांनी मशीनवर वारसा जपता येईल अशा शिलाईवर पुस्तक लिहिले होते. त्या पिढीने मशीनला इज्जत मिळवून दिली, यात शंका नाही. पण त्या परंपरेतून पुढे आलेली स्पर्धेची क्विल्टे आम्ही चित्रांत पाहिली तेव्हा आमचे मत थोडे वेगळे झाले. रिकामी म्हणून एक नखभर जागा नाही. सगळीकडे पिसे, मोती, लाटा. भिंतीवर टांगायला ती अपूर्व आहेत. अंगावर घ्यायला पुठ्ठा. ज्या शिलाईने कापड वाकेनासे होते तिला कला म्हणायला आमची हरकत नाही, पांघरूण म्हणायला आहे. असो.

हिशेब झाला तरी आमचे मन रेघांना राजी होत नव्हते. तेव्हा माळ्यावरची जुनी गोधडी काढली. आई आणि काकू यांनी मिळून ती वाईच्या घरी सोप्यावर बसून शिवली होती. साल १९६८ असावे, कारण तिच्यात आमच्या मुंजीतल्या एका पडद्याचा तुकडा आहे. इतकी वर्षे आम्ही ती पांघरली, पण वाचली कधीच नव्हती. आता चष्मा लावून, जुन्या सवयीने, ओळीमागून ओळ वाचत गेलो.

टाके सरळ रेघांतच होते. पण त्या रेघा कोणी आखलेल्या नव्हत्या. ठिगळाचा जाड शिवा लागला की रेघ त्याला वळसा घालून जाई, पुढे आपोआप पुन्हा रांगेत येई. दोन रेघांतले अंतर कुठे बोटभर, कुठे दीड बोट. आमच्या डोक्यात वृत्तांचा किडा होताच. जात्यावरची ओवी आठवली. तिची अक्षरे मोजायला बसले तर चरणागणिक कमीजास्त भरतात, पण म्हणताना कुठे अडत नाही. 'गणवृत्त की मुक्तछंद' ही आमची वाटणी ज्यांच्यावर लादायला निघालो होतो त्यांच्या गावीही ती नव्हती.

आणखी एक गोष्ट दिसली. रेघा दोन्ही लांब काठांपासून सुरू होऊन मध्याकडे येत होत्या. एका बाजूचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे, देखणे. दुसऱ्या बाजूचे लांब, सैल, ज्वारीच्या कणसावर वारा फिरावा तसे. मधोमध दोन्ही बाजू भेटत होत्या तिथे रेघा जुळल्या नव्हत्या. तीन बोटांची एक वाकडी पट्टी राहून गेली होती आणि ती घाईने तिरप्या टाक्यांनी भरली होती. आम्ही ताईला फोन केला आणि कौतुकाने म्हणालो, "आईचा हात काय सुबक होता गं, तांदळासारखे टाके."

ताई म्हणाली, "ते काकूचे. आईचे लांब."

आम्ही गप्प झालो. ती पुढे म्हणाली, "आई रात्री भांडी झाल्यावर बसायची. कंदिलाशी. तू मांडीवर. सुबक कुठून काढणार? आणि मधे जुळलं नाही ते का माहीत आहे का? त्या वर्षी वाटणीवरून दोघी बोलत नव्हत्या. ही या काठाला, ती त्या काठाला. एकमेकींना सुई मागायची तरी मला मधे घालायच्या."

"मग गोधडी एकत्र कशाला शिवली?"

"थंडी होती," ताई म्हणाली.

त्यानंतर निवड अशी करावी लागलीच नाही. दात्यांवरची झाकणपट्टी काढून ठेवली. उड्या मारणारे फूट डबीत गेले. कुटुंबाने ते उचलून आपल्या कपाटात ठेवले आहे आणि हल्ली दुपारी मशीनचा आवाज येतो, त्याबद्दल आम्ही काही विचारत नाही. खडू आणि पट्टीही उचलून ठेवली. फुटाची कड आधीच्या रेघेपासून अंदाजाने धरायची, एवढाच नियम. रेघ वाकली तर वाकली, उसवायचे नाही. फाटलेल्या गव्हाळ लुगड्याला इरकलीच्या काठाचे ठिगळ लावले.

एका बाबतीत आम्ही पुस्तकी सल्ला जाणूनबुजून मोडला. मशीनवर शिवताना सुरुवात नेहमी मधून करावी आणि बाहेर जावे, म्हणजे वाढीव कापड कडेला सरकत जाते. काठांकडून आत आले तर ते सगळे मध्ये गोळा होते आणि चुणी हटकून पडते. हाताने शिवणाऱ्या बायका ते वाढीव कापड प्रत्येक टाक्याला थोडे थोडे जिरवतात. मशीनला तेवढी समज नाही. हे सर्व माहीत असून आम्ही काठांकडून सुरुवात केली. एका काठाकडून वीस रेघा, मग गोधडी फिरवून दुसऱ्या काठाकडून वीस. पहिल्या दहा रेघा घामाच्या गेल्या. पुढे पाय आपसूक चालू लागला आणि खालचे-वरचे दाते एका तालात चावत असल्याचा एक बारीक आवाज येऊ लागला, तो ऐकत दुपार जाई. कापडाचे सगळे ओझे मशीनच्या डाव्या बाजूला टेबलावर टेकवावे लागते, नाहीतर ते खाली लोंबून रेघ ओढते. त्यासाठी दोन जुने शब्दकोश उपयोगी पडले. सव्वीस दिवस लागले. मध्यावर आलो तेव्हा व्हायची ती चुणी पडली, चांगली दोन हात लांब. ती दाबून, तिच्यावरूनच शेवटची रेघ नेली.

माघात ताई आली. आम्ही गोधडी पलंगावर पसरली. ती आधी काठाशी बसली, मग मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांजवळ कापड धरून एकेक लुगडे ओळखत गेली. हे चुलीपुढचे. हे माझ्या बाळंतपणातले. हात मधल्या चुणीवर आला तेव्हा तिथे थोडा थांबला. आम्ही स्पष्टीकरण द्यायला तोंड उघडले. तिने गोधडी उलटी केली, पाठ पाहिली आणि म्हणाली,

"बॉबिनमधे पांढरा दोरा कशाला भरलास? पहिल्याच धुण्यात मळेल."